लोकसंख्येपेक्षा मतदार जास्त कसे? लहान गावाचे जनगणनेतले आकडे वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी गावाची ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलंय. इंटरनेटवर 2011 च्या जनगणनेचे आकडे मिळाले, पण जुळत काहीच नाही. लोकसंख्येपेक्षा मतदार जास्त दिसतात. गावाला लागून बंजाऱ्यांचा मोठा तांडा आहे, तरी अनुसूचित जमातीच्या रकान्यात शून्य. कुटुंबांची संख्या रेशनकार्डांच्या मानानं फारच कमी. कोणता आकडा खरा धरायचा, आणि गावात कोण कोण राहतं हे लिहायचं कसं?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. 1991 आणि 2001 ला रत्नागिरी जिल्ह्यात प्रगणक म्हणून दारोदार फिरलो. पुढे आंतरजिल्हा बदली मिळाली आणि 2011 ला तुमच्याच जिल्ह्यात पर्यवेक्षक झालो. तीन जनगणनांचे तक्ते या हातांनी भरले आणि तपासले आहेत, तेव्हा आकडा कसा तयार होतो ते आतून सांगतो. तुमच्या तिन्ही तक्रारींत चूक कुणाचीच नसण्याची शक्यता बरीच आहे. ते आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि तुम्ही ती एकाच प्रश्नापुढे मांडताय.

आधी एक खात्री करून घ्या. तुम्ही पाहिलेला आकडा नेमका तुमच्याच गावाचा आहे का? जनगणनेचं 'गाव' म्हणजे महसुली गाव. तलाठ्याच्या नकाशात ज्याची शीव आखलेली आहे ते. त्या शिवेतल्या वाड्या, वस्त्या, तांडे सगळे त्यातच मोडतात, त्यांचा वेगळा आकडा छापला जात नाही. ग्रामपंचायत ही दुसरी गोष्ट. महाराष्ट्रात 2011 ला महसुली गावं 43,665 होती आणि ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. म्हणजे कित्येक ठिकाणी दोन-तीन गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत आहे. मतदार यादी तुम्ही ग्रामपंचायतीची घेतली आणि लोकसंख्या एकाच महसुली गावाची, तर मतदार जास्त निघणारच. उलटही होतं. तांडा आज तुमच्या ग्रामपंचायतीत असेल, पण त्याची जमीन शेजारच्या गावाच्या शिवेत असेल, तर त्याची माणसं शेजारच्या गावात मोजली गेली. तलाठ्याकडे जाऊन तांड्याचा गट नंबर कोणत्या गावाचा आहे एवढं पाहून या. अर्धा गुंता तिथेच सुटतो.

नावावरही जाऊ नका. एकाच तालुक्यात एका नावाची दोन गावं असतात, एक बुद्रुक आणि एक खुर्द. फारसीतून आलेले शब्द आहेत, बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. नाव पडलं तेव्हाचं हे थोरलं-धाकटं. आज एस. टी. चा फाटा खुर्दजवळ आला म्हणून खुर्द वाढलं आणि बुद्रुक ओस पडलं, अशी गावं मी पाहिली आहेत. 2011 ला प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत तो मिळतो. शोध त्यावरूनच घ्या. आणि गावाच्या नावानं इंटरनेटवर जी पानं उघडतात, ती एका साच्यातून काढलेली असतात. प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातले, म्हणजे गावनिहाय मुख्य आकड्यांच्या सरकारी तक्त्यातले आकडे वाक्यांत घातलेले असतात आणि शेवटी 'गावाचा कारभार सरपंच पाहतो' अशी मोलाची माहिती असते. त्यापेक्षा मूळ गोषवारा बरा.

आता मुख्य गोष्ट. जनगणनेचा आकडा म्हणजे 'या गावची माणसं किती' याचं उत्तर नव्हे. ठरलेल्या एका क्षणी इथं कोण राहत होतं, एवढंच ते सांगतं. 2011 ला तो क्षण होता 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च लागतो ती मध्यरात्र, रात्रीचे 12. (1991 पर्यंत 1 मार्चचा सूर्योदय धरत असत, 2001 पासून मध्यरात्र आली.) आम्ही 9 ते 28 फेब्रुवारी घरोघरी गेलो, मग 1 ते 5 मार्च पुन्हा फेरी मारून त्या दिवसांत जन्मलेली, वारलेली माणसं दुरुस्त केली. नियम असा की, माणूस या गावात राहतो आणि त्या वीस दिवसांत काही काळ तरी इथं होता, किंवा 28 तारखेपर्यंत परतणार आहे, तर त्याला इथं लिहायचं. सगळेच दिवस बाहेर असेल तर लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथला प्रगणक त्याला लिहील.

कागदावर नियम साधा दिसतो. कोकणात या नियमानं माझी पहिली परीक्षा घेतली ती 1991 ला. वाडीत एक आजी पडवीत बसवून, चहा पाजून, मुलांची नावं सांगायला लागली. तीन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं. कुठं आहेत विचारलं तर सगळी लालबागला आणि डोंबिवलीला. मी म्हणालो, आजी, ती तिकडं लिहिली जातील, इथं तुम्ही एकट्याच. आजी चिडली. घर मुलाच्या नावावर, घरपट्टी तो भरतो, गणपती त्याचा इथं बसतो, शिमग्याला पालखी त्याच्या खांद्यावर असते आणि तुम्ही म्हणता तो या गावचा नाही? मला उत्तर सुचलं नव्हतं. आजही तिचंच म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे या आजीच्या घरासारखेच आहेत. 2001 ला लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 ला 16,15,069 झाली. राज्य वाढत असताना जिल्हा जवळपास पाच टक्क्यांनी घटला. सिंधुदुर्गही घटला. त्याच वेळी रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, राज्यात मात्र 929. एखादा परका माणूस म्हणेल, काय प्रागतिक जिल्हा! प्रागतिक असेलही, पण या आकड्याचं कारण ते नाही. कमावते पुरुष मुंबईत मोजले गेले, मागे बाया आणि म्हातारी राहिली. आणि 2011 ची होळी 19 मार्चला होती. म्हणजे गाव भरायच्या अठरा-एकोणीस दिवस आधी आम्ही मोजणी मिटवली. गणपतीत मोजली असती तर त्याच वाडीत दुप्पट माणसं सापडली असती.

तुमच्याकडे उलट्या बाजूनं तेच होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याचे बॉयलर पेटतात, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. जनगणना फेब्रुवारीत! 2011 ला मी एका तांड्यावर तपासणीला गेलो तेव्हा ओळीनं कुलपं होती. लिंबाखाली एक म्हातारा नातवंडं सांभाळत बसला होता. त्याला माणसं किती विचारलं तर त्यानं कोयत्यात उत्तर दिलं: "चाळीस कोयते गेलेत, गुरुजी." एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. चाळीस कोयते म्हणजे ऐंशी मोठी माणसं, वर अंगावरची लेकरं वेगळी. ही सगळी नियमानुसार कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत) लिहिली जायला हवी होती. बहुतेक लिहिली गेली असतील. पण फड दर काही दिवसांनी हलतो, पहाटे चारला तोड सुरू होते, रात्री गाडी भरून मग चूल पेटते. तिथल्या प्रगणकाला ती माणसं नेमकी किती सापडली, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सापडली असली तरी ती तुमच्या गावाच्या आकड्यात नाहीत, एवढं मात्र नक्की.

म्हणून तुमच्या गावाचा 2011 चा आकडा म्हणजे फेब्रुवारीतलं गाव, अर्धी घरं मिटलेलं. मतदार यादी पोळ्याच्या दिवसाचं गाव सांगते. तिच्यात शिवाय चाकण-भोसरीला गेलेले, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी आणि वारलेली माणसंही राहून जातात, कारण नाव घालायला सगळे धावतात, काढायला कुणी जात नाही. आणि यादी आजची, जनगणना 2011 ची. 2021 ची जनगणना आधी कोरोनामुळे पुढे गेली, मग पुढेच जात राहिली. इतक्या वर्षांत त्या वेळची पहिली-दुसरीतली पोरं मतदार झाली आहेत.

कुटुंबांचा प्रश्न सोपा आहे. जनगणनेत कुटुंब म्हणजे एक चूल. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, आई-बाप एका चुलीवर जेवत असतील तर एक कुटुंब. रेशनकार्ड मात्र प्रत्येक भावाचं वेगळं, घरकुलाच्या यादीत नाव वेगळं, रोजगार हमीचं जॉबकार्ड वेगळं. योजना कुटुंबागणिक मिळतात म्हणून कागदावर विभक्त आणि ताटाला एकत्र, हे आपल्याकडे घरोघर आहे. यात लबाडी शोधू नका. आराखड्यात घरकुल, शौचालय, नळजोडणीचा हिशेब करायचा असेल तर घरपट्टीच्या नोंदवहीतली घरं धरा. जनगणनेतली चुलींची संख्या त्या कामाची नाही.

आता शून्याकडे येतो. सगळ्यात जास्त गैरसमज याच रकान्यावरून होतात.

गावपातळीवर जनगणना सामाजिक रचनेबद्दल दोनच गोष्टी सांगते: अनुसूचित जाती किती, अनुसूचित जमाती किती. बस. धर्माचे आकडे तालुका आणि शहर या पातळीवर मिळतात, गावाचे छापत नाहीत. बाकी जाती तर विचारल्याच जात नाहीत. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे 1931 ला. 2011 ला सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणना म्हणून वेगळी पाहणी झाली, पण तिच्यातले जातीचे आकडे बाहेर आलेच नाहीत. त्यामुळे मराठा किती, वंजारी किती, धनगर किती, माळी किती असं जनगणनेच्या हवाल्यानं कुणी लिहिलं असेल तर ते त्याच्या पदरचं आहे.

बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. वंजारी आणि धनगर भटक्या जमातींत. विमुक्त-भटके हे राज्याचे प्रवर्ग आहेत, जनगणनेत त्यांना रकाना नाही. म्हणून तांडा कितीही मोठा असो, तुमच्या गावापुढे अनुसूचित जमाती शून्यच दिसणार. तीच माणसं सीमा ओलांडून तेलंगणात गेली तर लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत मोजली जातात आणि कर्नाटकात गेली तर अनुसूचित जातीत. तुमच्या तांड्यावरचा कुणी फेब्रुवारीत कर्नाटकातल्या फडावर असेल, तर त्याला तिथल्या प्रगणकानं कशात धरलं असेल याचा विचार करा. नियमानं प्रवर्ग त्या-त्या राज्याच्या यादीप्रमाणे लागतो. माणूस तोच, बोली तीच, रकाना बदलला! उलट गावाबाहेर फासेपारध्यांची दोन-चार घरं असतील तर ती अनुसूचित जमातीत येतात. कित्येक गावांत जमातीच्या रकान्यात दहा-पंधराचा आकडा दिसतो तो त्यांचा असतो, आणि गावातल्या पुढाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, आमच्याकडे आदिवासी नाहीतच.

अनुसूचित जातीचा आकडाही जपून वाचा, विशेषतः जुन्या जनगणनांशी तुलना करताना. 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि मागोमाग महाराष्ट्रातली गावंच्या गावं बौद्ध झाली. पण 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश तेव्हा हिंदूंपुरता होता. शिखांचा समावेश 1956 ला झाला, बौद्धांचा थेट 1990 ला. मधल्या तीन जनगणनांत बौद्ध झालेला माणूस जनगणनेच्या लेखी अनुसूचित जातीचा नव्हता. 1981 ला राज्यात अनुसूचित जाती सुमारे 7 टक्के होत्या आणि 1991 ला एकदम 11 टक्के झाल्या. लोकसंख्येचा स्फोट वगैरे काही झाला नव्हता, यादी बदलली होती. आदिवासींच्या बाबतीत अशीच उडी 1971 ते 1981 दरम्यान दिसते, सुमारे 6 टक्क्यांवरून 9 टक्क्यांच्या पुढे, कारण 1976 च्या कायद्यानं जमातींवरची ठरावीक क्षेत्रांची अट निघाली. जिल्ह्याच्या जुन्या पुस्तिका लावून 'आमच्या गावात दलितांची संख्या दहा वर्षांत दुप्पट' असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत. त्यात गावात कुणी नवीन आलेलं नसतं.

1991 ला बौद्धवाडीत काम करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. धर्म विचारला की उत्तर ताठ मानेनं यायचं: बौद्ध. जात विचारली की शांतता. वडीलधारी माणसं म्हणायची, जी सोडली ती परत तुमच्या कागदावर कशाला लिहू? शिकलेली पोरं समजावायची, लिहा आबा, राखीव जागेचा हिशेब त्यावर होतो. एका ओट्यावर मी तासभर नुसता थांबलो होतो, ते ठरेपर्यंत. तुमच्या गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्यामागे अशी थोडीफार घासाघीस आहे.

हिशेब खरोखरच त्यावर होतो, म्हणून हे सगळं सांगतोय. ग्रामपंचायतीत सदस्य किती ते लोकसंख्येवर ठरतं: पंधराशेपर्यंत 7, तीन हजारांपर्यंत 9, असं करत कमाल 17. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि हे प्रमाण शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचं, म्हणजे अजून 2011 चंच. वित्त आयोगाचा निधीही मुख्यतः लोकसंख्येवर येतो. फेब्रुवारीत फडावर गेलेला कोयता तुमच्या गावाच्या निधीतून वजा झालेला आहे.

मग गावात कोण कोण राहतं, ते लिहायचं कसं? एक सल्ला आधी: आडनावांवरून जात काढू नका. मतदार यादी घेऊन पवार, चव्हाण, जाधव मराठ्यांत टाकणारे हुशार लोक असतात. पवार, चव्हाण, जाधव तांड्यावरही आहेत, पारध्यांच्या पालावर आहेत, बौद्धवस्तीत आहेत. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही तर वतनाची नावं. पाटील मराठ्यांत सापडतील, लिंगायतांत सापडतील, मुसलमानांतही सापडतील.

वस्तीवरून सुरुवात करा. आपलं गाव अजूनही वस्तीवस्तीनं बसलेलं आहे. वेशीच्या आत एक-दोन भावक्या, मारुतीच्या पाराजवळ गुरव, एका कोपऱ्यात सुतार-लोहार, मशिदीजवळ मुलाणी-तांबोळी, गावकुसाबाहेर बौद्ध आणि मातंग वस्ती, ओढ्यापलीकडे तांडा, रानात मळ्यातल्या वस्त्या. बारा बलुतेदारांपैकी आज कोण आहेत आणि कोण उठून गेले, ते म्हाताऱ्या माणसाला विचारा. कुंभार तालुक्याला गेला, परटाचं घर बंद पडलं, न्हाव्याचं सलून आता फाट्यावर आहे, ही माहिती गोषवाऱ्यात नाही आणि गावाचा बदल तिच्यातच आहे. लिहिताना मात्र वस्तीला जातीचं जुनं नाव वापरू नका. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला आहे. तुमच्या ग्रामपंचायतीनं ठराव करून जे नाव दिलं असेल तेच लिहा. ठराव झालाच नसेल तर आराखड्याच्या ग्रामसभेत तोही विषय घ्या.

आणि बायकांना विसरू नका. एका भावकीचं गाव असेल तर मुलीही बाहेर जातात आणि सुनाही बाहेरूनच येतात. म्हणजे गावातल्या बहुतेक लग्न झालेल्या बाया दुसऱ्या गावांत जन्मलेल्या. तुमच्या गावाची सोयरीक कोणत्या गावांशी, कोणत्या तालुक्यांशी आहे याचा नकाशा काढलात तर दुष्काळात जनावरं कुठं जातात आणि पोरं शिकायला कुणाकडे राहतात तेही उलगडेल.

लहान गावाच्या आकड्यांत टक्केवारीचा एक सापळा असतो. 0 ते 6 वयाची चाळीस मुलं आहेत असं समजा, 22 मुलगे आणि 18 मुली. बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली, 818. एकच घर इकडचं तिकडं झालं, 21 आणि 19 झाले, की गुणोत्तर 905. एका पाळण्यानं गाव बदनाम किंवा आदर्श! बीड जिल्ह्याचं गुणोत्तर 2001 ला 894 होतं ते 2011 ला 807 वर आलं, तो आकडा लाखो मुलांवरचा आहे आणि तो खरोखर भयंकर आहे, त्यावर बोललंच पाहिजे. पण एका गावाबद्दल तसं म्हणायचं तर एका वर्षाचा आकडा पुरत नाही. ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही काढा, सलग दहा-बारा वर्षांचे जन्म मोजा. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणाची नोंद दवाखान्याच्या गावी होते, म्हणून अंगणवाडीची नोंदवही सोबत घ्या.

साक्षरतेत सात वर्षांखालची सगळी मुलं निरक्षर धरतात, मग ती पाढे म्हणत असोत. दर काढताना ती मुलं एकूणातून वगळायची असतात. समजा 600 लोक, त्यांत 0-6 ची 75, साक्षर 378. योग्य दर 378 भागिले 525, म्हणजे 72 टक्के. पुष्कळ जण 600 नं भागून 63 लिहितात आणि गावाला नऊ टक्के मागे ढकलतात.

काम करणाऱ्यांचा रकाना मला सगळ्यात कमी भरवशाचा वाटतो. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारा, कमी केलं तर सीमांतिक. घरच्या रानात बिनमजुरीनं राबणं हेही काम धरायचं, अशी आम्हाला स्पष्ट सूचना होती. आता प्रत्यक्षात काय व्हायचं ते पाहा. अंगणात घरधनी खाटेवर. "मालकीण काय करते?" "ती काही करत नाही, घरीच असते." आणि मालकीण डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन दारातून आत येतेय. मी तिला शेतकरी लिहिलं. पण संध्याकाळी सातला, चाळिसाव्या घरात, दमलेला प्रगणक सांगितलेलंच लिहून मोकळा होतो हेही मला माहीत आहे, कारण मीही कधी कधी तसा मोकळा झालो असेन. तुमच्या गावाच्या गोषवाऱ्यात काम न करणाऱ्या बायकांचा आकडा मोठा दिसला तर तो आराखड्यात उतरवू नका.

आज गावात किती माणसं आहेत हे हवं असेल तर दोन बायकांना भेटा. अंगणवाडी ताई आणि आशाताई. दोघींकडे घरनिहाय सर्वेक्षणाच्या नोंदवह्या असतात आणि त्या जुन्या झालेल्या नसतात, कारण लसीकरण आणि पोषण आहार त्यावर चालतो. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोण ऊसतोडीला गेलं, कुणाची सून माहेरी आहे, त्यांना तोंडपाठ असतं. सोबत शाळेची पटसंख्या आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालत असेल तर त्यातल्या मुलांची यादी. मुकादमाकडून त्या वर्षीचे कोयते विचारा. तो वहीत लिहून ठेवतो, कारण उचल त्याच्या खिशातून गेलेली असते. जनगणनेची मूळ माहिती घरागणिक मिळावी म्हणून तहसीलला अर्ज करत बसू नका. 1948 च्या जनगणना कायद्यानं ती गोपनीय आहे, ती कुणालाच दाखवत नाहीत, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. लोक आम्हाला खरं सांगत ते त्या भरवशावरच.

तुमच्या जागी मी असतो तर आराखड्यात तीन ओळी लिहिल्या असत्या. 2011 च्या जनगणनेप्रमाणे इतके, फेब्रुवारीतली मोजणी, महसुली गाव अमुक. आशाताईंच्या नोंदवहीप्रमाणे श्रावणात इतके. त्यांपैकी दसऱ्यानंतर सहा महिने बाहेर असणारे इतके. पाण्याची टाकी दुसऱ्या ओळीवर बांधा, वसतिगृह आणि रेशनची सोय तिसरीवर. सरकारी तक्त्यात एकच रकाना असेल तर त्यात 2011 चाच आकडा घाला, तक्त्याशी भांडू नका, पण खाली टीप लिहा.

अजून एक, आणि हे आत्ताच करण्यासारखं आहे. 16 जून 2025 च्या अधिसूचनेनं पुढच्या जनगणनेचा क्षण ठरला आहे, 1 मार्च 2027. त्याआधी 2026 मध्ये घरयादी. या वेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे, म्हणजे तांड्याला 1931 नंतर पहिल्यांदाच स्वतःचं नाव मिळेल. पण माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. तांड्यावर पुन्हा कुलपं असतील आणि मोजणारा लिंबाखालच्या म्हाताऱ्यालाच विचारील. 2026 च्या दसऱ्याआधी मुकादमाला गाठा आणि कोणता कोयता कोणत्या कारखान्यावर जातोय त्याची यादी करून घ्या. फडावर मोजणारा आला तर मूळ गाव, जात, बोली नीट सांगायची, आणि आला नाही तर त्या कारखान्याच्या तहसीलला फोन करायचा, एवढं प्रत्येक टोळीतल्या एका तरी शिकलेल्या पोराला गाडी भरायच्या आदल्या दिवशी समजावून ठेवा.